संस्थापकाची खुर्ची खडूस सरांना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वी परदेशात संगणकाच्या प्रणाली लिहिणारी आणि आता स्वतःच्या गावी विद्यापीठ चालवणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलाला तो पटला नाही, तर त्याने डॉक्टरांशी भांडावे.

१. राहते घर, सामानसुमान आणि बँकेतील शिल्लक मुलाला. माडीवरचा नळ गळतो. तो त्यानेच दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे त्या निमित्ताने तरी इकडे फिरकेल.

२. सोल्डरिंगची हत्यारे व मीटर धाकट्या बहिणीला. लहानपणी वडिलांचा रेडिओ आम्ही दोघींनी खोलला होता. जोडला मात्र तिने एकटीने.

३. "नोकरी सोडून गावी काय शेळ्या हाकणार?" असे विचारणाऱ्या माझ्या जुन्या साहेबांना पदवीदानाचे निमंत्रण दरवर्षी पाठवावे. ते येत नाहीत. तरी पाठवावे.

४. आता मुद्द्याचे. संस्थापकाच्या सहीशिवाय विद्यापीठाची जमीन विकता येत नाही, आणि माझ्यानंतर संस्थापकाची खुर्ची कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क विश्वस्त मंडळाच्या घटनेने मला दिला आहे. एक बिल्डर जमिनीवर डोळा ठेवून आहे. मुलगा म्हणाला, "आई, चांगला भाव येतोय तोवर मोकळी हो. तुझ्यानंतर कोण बघणार हे सगळं?"

"तू नाही, एवढं कळलं," मी म्हटले.

५. सबब ती खुर्ची मी गणिताच्या प्राध्यापकांना देते. मुले त्यांना खडूस म्हणतात, मीही म्हणते. परदेशात आम्ही लिहिलेली प्रणाली आम्हाला कधी वापरावी लागत नसे. डोकेदुखी ती रोज वापरणाऱ्या काउंटरवरच्या माणसांची. म्हणून इथे पहिल्याच दिवशी नियम केला: जो पेपर काढेल, त्याने तो मुलांबरोबर हॉलमध्ये बसून तेवढ्याच वेळात सोडवायचा. पहिल्याच वर्षी घंटा झाली आणि खडूस सरांची दोन गणिते राहिली. सगळ्या हॉलने पाहिले. ते तडक माझ्या खोलीत आले.

"बाई, पेपर रद्द करा."

"आणि नियम?"

"नियमाला हात लावलात तर राजीनामा देईन."

त्यानंतर अभ्यासक्रमापासून भिंतींच्या रंगापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांनी मला विरोध केला. माझ्याबद्दल चांगला शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. चालेल. ज्याने चारचौघांत नाक कापले गेल्यावरही नियम सोडला नाही, तो जमीन सोडणार नाही.

६. मुला, तू कोर्टात जाऊ शकतोस. आपल्या वकिलांना शेवटपर्यंत लढायला सांगून ठेवले आहे. तुझ्यावर माझा जीव आहे, तो कोणत्याही कलमात बसत नाही. पण विद्यापीठ माझे नाही, मग तुला कुठून देऊ?

७. माझा पुतळा, तसबीर किंवा माझ्या नावाने सुट्टी नको. मी जाईन त्या दिवशी परीक्षा असेल, तर ती पुढे ढकलू नये. खडूस सरांनी आपला पेपर पूर्ण सोडवावा, जमा करावा आणि मगच अंत्यदर्शनाला यावे. मला घाई नसेल.

वरील मजकूर वाचून, समजून, आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. ग्रंथपाल (सही)
लिहून देणार: संस्थापिका (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ३ मार्च २०२४