फ्रिजमागचं पाणी

प्रिय चंदना,

बंगळूरच्या या टोकापासून तुझी बनशंकरी काही लांब नाही, पण समोर बसून हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. आपल्या शिवाजीनगरच्या घरामागची गॅरेजची गल्ली तुला ठाऊकच आहे. गेल्या पावसाळ्यात तिथल्या नऊ घरांत डेंग्यू झाला. दहा वर्षांच्या अनुषाची धाकटी बहीण आठवडाभर दवाखान्यात होती. ती घरी आली आणि अनुषाने वर्गातल्या मैत्रिणी गोळा केल्या. आरोग्य केंद्रातल्या अक्कांनी त्यांना डासांच्या अळ्या ओळखायला शिकवलं, एक बॅटरी दिली, आणि दर शुक्रवारी या पोरी घरोघर फिरू लागल्या.

आम्ही मोठी माणसं सांगत आलो, पिंपं दर आठवड्याला रिकामी करा. तिथे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. ते कोण ओतून देईल? हे अनुषाला कळलं, आम्हाला नाही. मुलींनी जुन्या सुती साड्या मागून आणल्या, गॅरेजमधून सायकलच्या फाटक्या ट्यूब आणल्या, आणि पिंपांवर साडीचं कापड पसरून ट्यूबच्या पट्ट्यांनी एकेकाचं तोंड घट्ट बांधलं. अळ्या सापडलेल्या घराच्या दारावर लाल टिकली लावायची, साफ झालं की काढायची.

एका शुक्रवारी त्या आपल्या दाराशी आल्या. "अज्जी, स्वल्प आत येऊ? थोडंच बघायचंय." मला हसू आलं. तीस वर्षं फळ्यावर डासाचं जीवनचक्र काढणारी मी, माझ्याकडे काय सापडणार? अनुषा सरळ फ्रिजमागे वाकली. खालच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. मैत्रिणींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं, "टिकली लावू, की तुम्ही आत्ताच ओतता?" मी ओतलं. गल्लीत तिने हे कुणाला सांगितलं नाही. यंदा तिथे एकाच घरात डेंग्यू झाला.

तीन वर्षांपूर्वी देवनहळ्ळीजवळच्या वस्तीत तुला एका संस्थेकडून आरोग्याचं काम मिळालं होतं. गटारं बघत फिरायला का तुला एवढं शिकवलं, असं मी म्हणाले. तू वाद घातला नाहीस, ऑफिसातली नोकरी धरलीस. त्याच संस्थेची जाहिरात पुन्हा आली आहे, कात्रण सोबत ठेवलं आहे. अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव. मला फक्त माझं ते वाक्य परत घ्यायचं आहे.

तुझीच,
आई