मामाचे निर्बंध

दांडिया बाजार, बडोदे
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विजयमालास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळतो. यंदा विरघळायचं नाही.

इराणच्या एका इस्पितळाला डायलिसिस यंत्रांचे पंप हवे होते. मकरपुऱ्यातल्या माझ्या कारखान्यानं बनवले. पैसे जिच्यामार्फत यायचे त्या फ्रँकफर्टच्या बँकेनं इराणवरच्या निर्बंधांकडे बोट दाखवून व्यवहार अडवला, आणि नकारावर सही तुझ्या शिवांगीची! आमचा फोरमन हसमुखभाई विचारतो, मामाला पकडायलाच भाचीला नोकरी दिली का?

निर्बंधांनी सत्ताधाऱ्याच्या मूत्रपिंडाला काही होत नाही. मरतो रांगेतला रोगी. तोफेला निदान आवाज असतो. ही मंडळी शाईनं माणसं मारतात आणि पाच वाजता घरी जातात. चाळीस वर्षं हे व्यासपीठावरून ओरडतोय. आता शिवांगीलाही निर्बंध कळू देत. बारा डिसेंबरला तिला मांडवात आणायला मामा येणार नाही. बडोद्याचं एकही माणूस येणार नाही.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच. तिच्यावरचा बंद.

तुझा,
बळवंतदादा


कोल्हापूर
१४ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

भाषण वाचलं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

शिवांगीला खोदून विचारलं. इस्पितळाच्या मालाला सवलत असते. माल कुठं जाणार, कोण वापरणार, एवढं लिहून सही करायची. बँकेनं तो कागद तुला तीनदा पाठवला. तिन्ही वेळा तू सही न करता, पाठीमागं साम्राज्यशाहीवर निबंध लिहून परत धाडलास. तिच्या साहेबांनी ते निबंध फाइलला लावलेत. तिच्या हातात नकाराशिवाय काय उरलं? रोग्यांना कोणी अडवलं, दादा?

आता माझे निर्बंध ऐक. महिनाअखेर सही पोचली नाही, तर शिवांगीला आपला चुलतभाऊ दिग्विजय मांडवात आणेल. आणि पुढल्या भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या बायकांसारखी, मी चंद्राला ओवाळीन.

वहिनींना नमस्कार. लोभ मागत नाही, सही मागते.

विजू


दांडिया बाजार, बडोदे
२७ नोव्हेंबर

चि. सौ. विजयमालास आशीर्वाद.

सही केली. चंद्राची ओळ तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचली आणि माझ्यापुढचं ताट उचलून नेलं.

आजाऱ्याला पंप देण्यासाठी परवानगी मागणं मला लाचारी वाटली. त्या तोऱ्यात सात आठवडे गेले. तेवढ्या वेळात तिकडे कोण दगावलं, मला कधीच कळणार नाही. ते माझ्या माथी.

पण म्हणून ती खुर्ची निर्दोष ठरत नाही, आणि तुझी लेक तिच्यावर बसते. तिनं एकदाही मामाला स्वतः चार ओळी लिहिल्या नाहीत. हे मी विसरणार नाही.

लग्नाला येतो. तिला हात धरून मांडवात आणीन, अंतरपाट दूर होईपर्यंत मागं उभा राहीन. नंतर पहिल्या पंगतीला तिच्या सासऱ्यांच्या शेजारी बसेन आणि पान वाढू देणार नाही. पंप पोचल्याचं इस्पितळाचं पत्र येईपर्यंत तुमच्याकडचं पाणीही नको. का, ते व्याह्यांनी विचारलं तर शिवांगीनंच सांगावं.

तुझा,
दादा