वेटिंग नंबर दोन

४ मार्च २०१६
समीक्षाच्या नर्सरीचा फॉर्म ऑनलाइन भरला. आरटीईचा कोटा, म्हणजे फी माफ. तिरोड्यात वीज प्लांटमधल्या इंजिनियरांची पोरं जातात तीच इंग्लिश मिडियम शाळा. आठ जागा, एकसष्ट अर्ज. त्यातले निम्मे लोक सीरियस नसतात. आणखी शाळा टाकता येत होत्या, मी एकच टाकली. अल्का म्हणाली, "काऊन एकच?" तिला फोकस म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, "लॉटरीले का समजते फोकस?"
बायकोशी वाद घालायचा नाही असं ठरवलं.

७ मार्च
आजपासून घरात इंग्लिशच बोलायचं. सकाळी पंधरा मिनिटं जमलं. मग चुलीवरून दूध उतू गेलं आणि ते इंग्लिशमध्ये सांगण्याइतका वेळ नव्हता.

११ मार्च
कामावर, राइस मिलमध्ये, भैय्यालाल हमाल म्हणाला, गोंदियात एक जण लॉटरी सेट करून देतो. मी साफ सुनावलं, आपण तत्त्वाची माणसं. नंबर फक्त माहितीसाठी घेतला. दुपारपासून चार वेळा लावला. स्विच ऑफ. असल्या भानगडीत पडलो नाही याचं समाधान आहे.

१५ मार्च, गोंदियाहून परत, बसमध्ये
अक्षर वाकडं येतं आहे. रस्ता खराब आहे म्हणून.
लॉटरीचा हॉल गच्च. प्रत्येक शाळेच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, लहान मुलांच्या हातून काढायच्या. आमच्या शाळेचे सात नंबर निघाले, आमचा नाही. आठव्या चिठ्ठीला शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, एखादी छोटी मुलगी येऊ द्या. मी समीक्षाला डोक्यावर धरून उभा राहिलो. तिलाच बोलावलं! तिथंच समजलो, काम झालं.
तिनं एक चिठ्ठी काढली. साहेबांनी हात पुढे केला. तिनं चिठ्ठी पाहिली, डब्यात टाकली आणि दुसरी काढली. सगळे हसले. मी हसलो नाही.
दुसरी चिठ्ठी केवलरामच्या आचलची निघाली. केवलराम म्हणजे आमच्याच गल्लीतला, सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्यानं समीक्षाचे हात हातात घेतले, म्हणाला, "माय, तूनंच माह्या पोरीले शाळा देल्ली." समीक्षानं टाळ्या वाजवल्या.
पहिली चिठ्ठी कोणाची होती?
वेटिंग लिस्टमध्ये आम्ही दोन नंबर.

१६ मार्च
शांतपणे विचार केला. वेटिंग दोन म्हणजे जवळजवळ झालंच. रेल्वेत तर वेटिंग चाळीसही कन्फर्म होतं.

२ एप्रिल
शाळेत चौथी चक्कर. एकाचा रहिवासी पुरावा चालला नाही, वेटिंग एकला जागा मिळाली. आता पुढे फक्त आम्ही! शेवटची तारीख ९ एप्रिल, संध्याकाळी पाच.

७ एप्रिल
क्लार्कनं सांगितलं, सात जणांची कागदपत्रं जमा. आठवा आलाच नाही. नाव विचारलं. केवलराम.
तो देवरीकडे सासरी गेला आहे, सगळे मिळून मोहफुलं वेचायला. तिकडे जंगलात रेंज नाही. त्याला सांगायला हवं का? तारीख पाहणं ज्याची त्याची जबाबदारी. तरी माणुसकी म्हणून एक मिस कॉल दिला. लागला नाही.

८ एप्रिल
जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.
अल्कानं विचारलं, आठवा कोण? मी म्हणालो, कोणीतरी आहे. तिनं माझं ताट उचललं. मग म्हणाली, "केवलरामभाऊच्या घराले तं आठ दिवसांपासून कुलूप हाये." मी मिलमध्ये उशीर होतो म्हणून निघालो. एक तास लवकर पोचलो.

९ एप्रिल
सुट्टी टाकली. फाइल घेऊन दुपारी दोनपासून शाळेच्या ऑफिससमोर. तीन. चार. सव्वाचार. क्लार्क म्हणाला, पाचला तुमचंच नाव घेतो. मी तीनदा उठून परत बसलो. बाक कमजोर आहे.
चार चाळीसला फाटकातून मोटरसायकल आली. केवलराम, मागे बायको, मधात आचल. तिघंही धुळीनं लाल. मला पाहून म्हणाला, "जयभीम भाऊ! मी तं अॅडमिशन महिनाभर चालते असंच समजून राहिलो होतो. वहिनीनं सकाळी तिथल्या किराणा दुकानात फोन लावला, दुकानदार मोहाखाली बलवाले आला. तुमीच सांगतलं असन."
मी हो म्हणालो.
मग त्यानं फॉर्म माझ्यापुढे धरला. "इंग्लिशमधी हाये भाऊ. भरून द्या न."
घड्याळात चार पन्नास. मी पेन उघडलं. एकदा वाटलं, सावकाश लिहावं. आचल बाकाला टेकून माझ्याकडे बघत होती. कॅपिटल अक्षरांत भरला. चार अठ्ठावन्नला शिक्का बसला.
घरी अल्काला म्हणालो, मी तुला सांगणारच होतो, केवलरामला फोन कर म्हणून. ती म्हणाली, "हाव."

२७ जून
शाळा सुरू. समीक्षाला अंगणवाडीत घालायचा निर्णय मी घेतला. बाप म्हणून जड होता, पण घेतला. अल्काला चौकातून फोनवर कळवलं, तिला वाईट वाटू नये म्हणून हळूहळू सांगितलं. तिनं फोन ठेवला. समीक्षाचं बोट धरून मीच गेलो. वाटेत तिला धीर देत होतो, रडायचं नाही, नवीन जागा आहे. ती बोट सोडून पुढे पळाली, चपला काढल्या, चटईवर आपल्या जागी जाऊन बसली.
मी अंगणवाडीच्या मंदाबाईंना म्हणालो, हिचं नाव घालायचं आहे.
त्या म्हणाल्या, "नाव तं लॉटरीच्या दुसऱ्याच दिवशी अल्कानं घातलं. रोज येते पोरगी. तुमी कोण?"