जुन्या नियमांनी

१२ फेब्रुवारी १९९४
निगमाच्या सहायक अधिकारीपदाची लेखी परीक्षा पास. मार्क सांगत नाहीत, नुसता रोल नंबर लागलाय. पण लेखी म्हणजे घोकंपट्टी. माझं खरं बळ बोलण्यात, आणि निम्मे मार्क इंटरव्ह्यूला! नोकरी झालीच. मंजिरीला फोन केला. म्हणाली, 'ऑर्डर हातात आली की माझ्या बाबांशी लग्नाचं बोल.' बँकेत काम करून तिला सगळं कागदावर लागतं.

३ एप्रिल, संध्याकाळ
घात! निगमानं मध्येच नियम बदलले. इंटरव्ह्यूला आता फक्त दहा टक्के, बाकी सगळं लेखीवर. जाहिरात जुन्या नियमांनी, अर्ज जुन्या नियमांनी, आणि निवड नव्या? निम्मा डाव झाल्यावर हुकूम बदलायचा?
धाकटी बहीण शर्वरी, इथंच वाढल्यामुळे घरातही हिंदीच बोलणारी, म्हणाली, 'दादा, तुम्हारा रिटन तो अच्छा गया था. फ़ायदा ही है ना?'
लहान आहे अजून.

१९ एप्रिल
हरिहरबाबू वकिलांकडून केस टाकली. भरतीवर स्टे मिळाला. बाकीचे उमेदवार रस्त्यात ओळख देत नाहीत. तत्त्वासाठी लढणाऱ्यानं हे धरूनच चालायचं.

१० जून
बाबांनी कानपूरच्या एका पंख्यांच्या कंपनीत शब्द टाकला होता. नकार कळवला. उद्या अधिकारी होणारा माणूस पंखे विकणार? बाबा डबा उचलून ऑफिसला गेले.
संकल्प : रोज पहाटे आरशासमोर इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस.

११ जून
पहाटे वीज नव्हती. अंधारात आरसा काय कामाचा. उद्यापासून.

५ जानेवारी १९९५
कोर्टात पुन्हा पुढची तारीख. बाबा रेल्वेतून रिटायर झाले. मानक नगरचं क्वार्टर सोडून शहरातच महानगर मोहल्ल्यात दोन खोल्या घेतल्यात. लोक हळहळतात. मी म्हणतो, मंजिरीचं घर चालत अंतरावर आलं की!

१८ नोव्हेंबर
मंजिरीकडे गेलो. तिचे वडील, माणिककाका, म्हणाले, 'केस संपणार कधी?' म्हटलं, न्यायाला वेळ लागतोच. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
मंजिरी फाटकापर्यंत आली. 'श्रीरंग, तुला नोकरी हवीय की केस जिंकायचीय?'
दोन्ही, म्हटलं.
तिनं फाटकाची कडी लावून घेतली. पटलं असावं.

२० फेब्रुवारी १९९६
मंजिरीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. घाई केली बिचारीनं. निकाल अगदी तोंडावर आला असताना.
जेवलो नाही. केसचे कागद लावत बसलो.

८ मे, दुपारी
जिंकलो! कोर्ट म्हणतं, सुरू झालेल्या भरतीला जुनेच नियम. मी अक्षरशः हेच म्हणत होतो! पेढे आणले. बाबांनी एक उचलला, निम्मा परत ठेवला. शुगर आहे त्यांना.

२ जुलै
इंटरव्ह्यू दणक्यात. पहिलाच प्रश्न, 'इतने दिन क्या करते रहे?' केस पहिल्यापासून सांगितली. अध्यक्षबाई दोनदा 'धन्यवाद' म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, अभी एक मुद्दा और है. एका मेंबरनं तर शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. क्वचित मिळतो असा श्रोता.

२५ जुलै
निकाल लागला. माझं नाव नाही.
या वेळी मार्कही लावलेत. लेखीत मी पहिला. इंटरव्ह्यूत सगळ्यांत खाली.
शर्वरीनं पेपरच्या कडेला काहीतरी मांडलं, दोनदा तपासलं आणि पेनाला टोपण लावलं. काय ते विचारलं. सांगेना. पुन्हा विचारलं.
'नए रूल से तुम्हारा हो जाता, दादा.'
बाबा पलीकडे बसले होते. त्यांनी ऐकलं. चष्मा काढून पुसत राहिले.
तसाच हरिहरबाबूंकडे गेलो. म्हटलं, अपील करू. त्यांनी समोरची फाईल मिटली. म्हणाले, 'किसके ख़िलाफ़, भाई? आपने जो माँगा था, वो तो मिल गया.'
बाहेर आलो आणि दारात चप्पल शोधत उभा राहिलो. ती पायातच होती.