आत्याचा स्कोअर चौऱ्याण्णव

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

घडलं ते असं:

१. काल दुपारी साडेबाराला मी नातेवाइकांच्या ग्रुपवर आमचा वंशवृक्ष टाकला. सहा पिढ्या, दोनशे अकरा माणसं.
२. बारा एक्केचाळीसला आत्याचा फोन आला.
३. तिने विचारलं, मी कधी गेले?
४. मी फाइल उघडून सांगितलं, पंचावन्न साली, चौथ्या वर्षी.
५. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.
६. त्यानंतर तिने माझे नऊ फोन उचललेले नाहीत.

याला चूक म्हणत नाहीत. याला नोंदींमधला विरोध म्हणतात. तो मी आठवड्याभरात सोडवणार आहे. माफीचा प्रश्न येत नाही.

२ मार्च. रात्री ८

तांत्रिक बाजू लिहून ठेवते. आत्याच्या नावाच्या दोन जन्मनोंदी मिळाल्या, एक एक्कावन्नची, एक चौपन्नची. नाव तेच, आईवडील तेच, घर तेच. शिवाय त्याच नावाची पंचावन्नची मृत्यूची नोंद. माझ्या प्रोग्रामने दोन्ही जन्मांचा मेळ तपासून शंभरात चौऱ्याण्णव स्कोअर दिला. नव्वदच्या वर गेलं की दोन नोंदी आपोआप एक होतात, जुनी जन्मतारीख राहते आणि मृत्यूची तारीख असेल तर तीही चिकटते.

हाच नियम मी ऑफिसात वापरते. आमची कंपनी हॉस्पिटलांच्या पेशंटयाद्या साफ करते. मी रोज सरासरी चारशे ड्युप्लिकेट माणसं कमी करते. आजवर एकाही माणसाची तक्रार आलेली नाही.

बाबांचं म्हणणं, आत्या पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, मेलेल्या बाईने ते कसं केलं असतं हे निदान एकदा डोळ्यांखालून घालायचं. दोनशे अकरा चौकटी डोळ्यांखालून घालणं हे व्यावसायिक काम नव्हे, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ताईला विचार की सरळ. कधी जन्मलीस, विषय संपला.

बाबांना पुराव्याची प्रतवारी समजत नाही. कागद पहिला. माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी.

४ मार्च, बुधवार

आत्याने फोन उचलला नाही. बाबांचा उचलला. बावीस तारखेच्या कार्यक्रमाला ती येणार नाही म्हणे. कार्यक्रम तिच्याच पंच्याहत्तराव्या वाढदिवसाचा आहे. हॉल ठरलाय, साठ माणसं येणार आहेत. समोरच्या भिंतीवर सहा बाय चारचा वंशवृक्ष लावायचा, ही कल्पना माझी. कारण विचारलं तर ती बाबांना म्हणाली, माझं वय पंच्याहत्तर नाही आणि तुझ्या लेकीच्या मते तर चारच आहे.

उपहास. दुर्लक्ष केलं.

संकल्प: (अ) मृत्यूची नोंद खोटी आहे हे सिद्ध करणे. शेजारच्या कुणाची तरी मुलगी गेली असणार, कारकुनाने नाव चुकवलं असणार. म्हणजे आत्या जिवंत, माणूस एकच, नियम बरोबर. (ब) रोज व्यायाम.

७ मार्च, शनिवार

व्यायाम झाला नाही, कारण आत्याच्या जुन्या शाळेत गेले. हेडबाईंनी कपाटावरून प्रवेशाचं रजिस्टर काढून दिलं आणि फडका पण दिला, पुसून घ्या म्हणाल्या. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये आत्याचा पहिलीत प्रवेश. जन्म एक्कावन्न. शेऱ्याच्या रकान्यात कुणा मास्तरांनी लिहिलंय, मूल वयाच्या मानाने फार लहान.

पंचावन्न साली वारलेली मुलगी सत्तावन्न साली शाळेत जात नाही. म्हणजे मृत्यूची नोंद खोटी. माझं म्हणणं सिद्ध.

शेऱ्याचा संबंध नाही. ती बुटकीच आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसूनसुद्धा माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, पाटी उचलताना मीच खाली जायचे, हे ती हसत हसत सांगायची. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळा सुटल्यावर तिच्याच घरी असायचे. किमान शंभर वेळा ऐकलंय. त्यात नवी माहिती काही नाही.

९ मार्च, सोमवार

फ्लेक्सवाल्याकडे सुधारलेली फाइल द्यायला गेले. तो म्हणाला, प्रिंट तर थांबवलीय ना. मी विचारलं, कोणी? म्हणाला, एक आजीबाई आल्या होत्या गुरुवारी. आधी दिलेल्या फाइलची स्क्रीनवर चौकट दाखवून म्हणाल्या, ही मी, हिला थांबव. त्याने चौकट वाचली, मृत्यू एकोणीसशे पंचावन्न. मग थांबवली बुवा, म्हणाला, मी कशाला वाद घालू.

पुढे म्हणे बाईंनी पर्समधून फूटपट्टी काढून स्क्रीनला लावली आणि विचारलं, हिच्या शेजारी आणखी एक चौकट मावेल का? तो म्हणाला, बाकीच्या जरा सरकवल्या तर मावेल. बाईंनी पट्टी परत ठेवली आणि गेल्या.

मी त्याला सांगितलं, डिझाइन माझं आहे, चौकटी सरकणार नाहीत. अंतिम फाइल शुक्रवार, वीस तारखेला सकाळी देईन. तो म्हणाला, बरं मॅडम, पण या वेळी जिवंत माणसांना एकदा दाखवून आणा.

ग्राहक गमावणारं दुकान, १०० टक्के.

११ मार्च, बुधवार

अर्धी रजा टाकून जन्ममृत्यू नोंदणी कार्यालय. तिथला कारकून चष्मा कपाळावर ठेवून वाचतो. मी स्वच्छ शब्दांत सांगितलं की पंचावन्नची मृत्यूची नोंद चुकीची आहे आणि ती मला रद्द झालेली हवी आहे. त्याने मूळ वही काढली. नोंदीखाली आजोबांची सही. आजोबांची सही मी ओळखते, शेवटच्या अक्षराची रेघ ते खाली ओढत. इथे ती रेघ पुढच्या ओळीत गेली आहे.

आजोबा शेजाऱ्याच्या मुलीच्या जागी स्वतःची मुलगी लिहिणार नाहीत. हे मान्य करावं लागेल. तात्पुरतं.

मग त्याने चौपन्नची जन्माची वही उघडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. ओळ काळ्या शाईत, बाळाचं नाव निळ्या शाईत. त्या काळी बाळाचं नाव रिकामं सोडायचे, म्हणाला, सवडीने येऊन भरायचे. बाजूला तारीख होती. मृत्यूनंतर अकरा दिवसांनी.

मी म्हटलं, म्हणजे कारकुनाने तेव्हा एक नोंद दुरुस्त करताना दुसरीत तेच नाव भरलं. त्याने चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ताई, या बाई हयात आहेत का? मी म्हटलं, आहेत. मग त्यांना का विचारत नाही?

सगळ्यांना हेच सुचतं.

१२ मार्च, गुरुवार

आकडे जुळवून बघितले. एक्कावन्न साली जन्मलेली पंचावन्न साली गेली. चौपन्न साली जन्मलेली तेव्हा वर्षाची. पण हा अंदाज झाला. अंदाजावर मी चौकट बदलत नाही. आईवडील धाकट्या मुलीला गेलेल्या मुलीचं नाव देतील हे मी मान्य करीन, पण पुरावा पाहिजे.

आत्याला फोन केला नाही. फोन करणं म्हणजे तिचं बरोबर आहे असं म्हणणं. तसं ते असलं तरी.

ऑफिसात आज चारशेऐवजी सत्तर मर्ज केले. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, हाताने तपासतेय. ते म्हणाले, कशाला?

१५ मार्च, रविवार

बाबा आत्याकडे जाऊन आले. मी गेले नाही, कारण मला बोलावलं नव्हतं. बाबांनी तसं तिला सांगितलं, तर म्हणाली, तिला कधी बोलवावं लागलंय?

तिने माझ्यासाठी पाकीट दिलंय. वर लिहिलंय, पुरावा.

आत एकच फोटो. चार वर्षांची मुलगी खुर्चीला धरून उभी, खुर्चीत आजी, आजीच्या मांडीवर टक्कल असलेलं बाळ. मागे आजोबांचं अक्षर, दोन नावं, एकाखाली एक. पहिलं नाव आत्याचं, म्हणजे जे आम्ही आत्याचं समजतो ते. दुसरं नाव शाईने इतकं खोडलंय की कागद फाटलाय. भिंग लावलं. स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला. उजेडासमोर धरलं. पाच अक्षरं आहेत की चार हेही कळत नाही.

बाबा त्यानंतर जन्मले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. फोटो त्यांनी दोनदा उलटून पाहिला. मग म्हणाले, म्हणजे ताईला तीन वर्षांची असताना पहिलीत घातलं. त्या दुसरीच्या दाखल्यावर.

ते तिला दुसरी म्हणाले. मी दुरुस्त केलं. ती पहिली. आपली दुसरी.

नंतर लक्षात आलं की मी आवाज चढवला होता.

१६ मार्च, सोमवार

पूर्ण नोंद, पुढे कामाला येईल म्हणून. आजीने एका मुलीचं नाव दुसरीला लावलं, शाळेने तिची तारीख लावली, सरकारने त्या तारखेवरून तिला तीन वर्षं आधी निवृत्त केलं आणि मी मृत्यू लावला. माझं काम सगळ्यात पूर्ण.

तरीही नियम चुकीचा नाही. शंभरातल्या सहा गुणांचं काय करायचं हे नियमात लिहिलेलं नव्हतं, एवढंच. आत्या माझ्या वहीवर लिहायची, उत्तर आलं म्हणजे गणित झालं नाही, पडताळा घे. मी तेव्हाही घेत नसे. उत्तरं बरोबर यायची.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी ६.३०

फाइलमध्ये आजोबांच्या खालच्या बारा चौकटी सरकवल्या. जागा झाली. फ्लेक्सवाला बरोबर होता, हे इथे लिहून ठेवते, त्याला सांगणार नाही.

बाबा विचारताहेत, केकवर पंच्याहत्तर घालायचं की बहात्तर. मी म्हटलं, आधी ती येतेय का बघा.

दुसऱ्या चौकटीला कागद नाही. कार्यालय, शाळा, फोटो, सगळं संपलं. उरला तो तोंडी पुरावा. आत्याला निरोप पाठवायला बसले. पहिला मसुदा अकरा मुद्द्यांचा झाला, त्यात नियमाचं स्पष्टीकरण होतं. पुसला. दुसऱ्यात माझ्या हेतूबद्दल एक परिच्छेद होता. तोही पुसला. शेवटी गेला तो इथे उतरवून ठेवते.

आत्या, मी पडताळा घेतला नाही आणि तुम्हा दोघींची एक चौकट केली. चूक माझी आहे. आता दोन केल्या आहेत. पहिलीत तिचं नाव, तिच्या दोन्ही तारखा. दुसरीत तुझी चौपन्नची तारीख लिहिली आहे, नावाची जागा रिकामी आहे. तिथे काय लिहू? तुला आठवत असलेलं, तुला हवं असलेलं, किंवा आत्ताचंच, तू म्हणशील ते. तू मोजली होतीस तेवढी जागा ठेवली आहे. फाइल शुक्रवारी सकाळी जाते. कृपया गुरुवारी, १९ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत कळव.