काविळीला आधार काय?

३ मार्च
परिषदेहून परतलो. आजपासून प्रॅक्टिस फक्त पुराव्यावर. अंदाज, अनुभव सगळं बंद. थोरल्या भावाला सांगितलं. तोही डॉक्टर, पण अजून जीभ आणि डोळे बघून निदान करतो. हसला. कीव आली.

९ मार्च
टाकीमागच्या गल्लीतून काविळीचे तीन पेशंट. भाऊ म्हणे, पाण्याचा घोळ दिसतोय, आरोग्य खात्याला कळव. त्याला समजावलं, एवढ्याशा आकड्याला योगायोग म्हणतात.

१४ मार्च
लेक राहायला आली. सातवा महिना. बायकोने लगेच पिण्याचं पाणी उकळायला घेतलं. नळाला वास येतो म्हणे. वास म्हणजे काही रिपोर्ट नव्हे. उकळणं बंद करवलं. लेक म्हणाली, बाबांना जास्त कळतं. बरं वाटलं.

२५ मार्च
कावीळ वाढतेय. आता रीतसर अभ्यास करणार. तुलनेसाठी धडधाकट माणसं हवीत, पण त्या गल्लीत ती मिळेनात. अभ्यास लांबणीवर.

४ एप्रिल
भावाने मला न विचारता आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. रस्ता खोदला. ड्रेनेजचं पाणी आमच्याही पाइपात शिरत होतं. तरी एका नमुन्यावरून निष्कर्ष म्हणजे उतावळेपणा. भावाने विचारलं, घरी पाणी उकळता ना? विषय बदलला. संध्याकाळी बायकोला उकळायला सांगितलं, केवळ तिच्या समाधानासाठी.

११ एप्रिल
लेकीला मळमळ, जेवण नको. गरोदरपणात होतंच. आठव्यात कमी होतं, पण होतं. लघवी पिवळी आहे म्हणाली. पाणी कमी पडत असेल. भरपूर पी म्हटलं.

१३ एप्रिल, दुपार
ती खिडकीपाशी केस विंचरत होती. डोळे पिवळे वाटले. पडद्याचा रंग पडला असेल म्हणून पडदा सरकवला.
पडद्याचा नव्हता.

१४ एप्रिल
सकाळी ती मला ओळखेना. गरोदर बाईला ही पाण्यातली कावीळ किती जड जाते, ते मला पाठ आहे. आकडेसुद्धा. लिहीत नाही.

१५ एप्रिल
आयसीयूबाहेर बाकावर. रात्री बाळ गेलं. लेक शुद्धीवर नाही. भाऊ आत-बाहेर करतोय. दार उघडलं की बायको उठते, माझ्यासमोरून जाते आणि त्याला विचारते.
मीही त्यालाच विचारतो.