बाबा, तो खांब नव्हता

बाबा, आज मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि या वेळी मधेच शिट्टी फुंकून मला गप्प करायचं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. पण रविवारी वासण्याच्या मैदानावर माझ्या शाळेतल्या मुलींचा फुटबॉलचा सामना झाला आणि तेव्हापासून डोकं नुसतं तापलंय. धाकट्याला तुम्ही भर मैदानात, सगळ्यांदेखत, खांब म्हणालात ना? तो खांब नव्हता. तो सामना आपण त्याच्यामुळे हरलो नाही, तुमच्यामुळे हरलो. घ्या, लिहून टाकलं.

प्रतापनगरचं ते कारखान्यामागचं मैदान आठवा. आठवडाभर तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात फिटर, आणि रविवारी आम्हा क्वार्टर्समधल्या पोरांचे कोच. त्या वर्षी क्वार्टर्समध्ये नुकतं केबल आलं होतं. तुम्ही परदेशी सामने बघायचात आणि चहा गार व्हायचा. तिथला बचाववाला चेंडू थांबवतो, मान वर करतो, ऐटीत इकडेतिकडे बघतो आणि मग अर्धं मैदान ओलांडून कडेनं धावणाऱ्या विंगरच्या पायात चेंडू टाकतो. झालं! आपणही तसंच खेळायचं. आई कणीक मळता मळता म्हणाली होती, "अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत." तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. आता मी बारा वर्षं मुलांना शिकवतोय, तेव्हा माझं ऐका. लांब पास शिजायला वेळ लागतो. विंगर धावत पुढं पोचेपर्यंत मागच्यानं चेंडू सांभाळायचा, अंगावर माणसं येत असताना. ज्याचे पाय चपळ त्याला ते जमतं. धाकट्याचे पाय जड होते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला चेंडू आला रे आला की दोन पावलांवरच्या माणसाला देऊन टाकू दिला असता, तर त्याचे पाय जड आहेत हे समोरच्यांना कळलंसुद्धा नसतं. त्याचं दुबळेपण झाकायचं तुमच्या हातात होतं. तुम्ही ते चव्हाट्यावर मांडलंत.

आणि वर तुमची ती शक्कल! समोरचा संघ गुजराती, म्हणून हुकूम मराठीतून. तुम्ही रेषेवरून ओरडताय, "थांब! धर! बघ! आता लांब!" अहो बाबा, हे बडोदं आहे! इथं भाजीवालीसुद्धा आपल्याशी मराठीत घासाघीस करते. त्यांचा तो उंच स्ट्रायकर दांडिया बाजारात मराठी शेजाऱ्यांच्या ओट्यावर लहानाचा मोठा झालेला. तुम्ही "धर" म्हणालात की तो आणि त्याचा जोडीदार बाणासारखे धाकट्यावर सुटायचे, कारण चेंडू आता काही क्षण तिथंच राहणार हे तुम्हीच त्यांना बोंबलून सांगितलेलं. दोनदा चेंडू हिसकावला, दोन गोल. सामन्यानंतर नळावर तोंड धुताना तो हसत धाकट्याला म्हणाला, "तारा पप्पा बधुं मराठीमां बोले छे, अमने बधी खबर पडे छे!" आणि वर शुद्ध मराठीत, "काकांना आमच्यातर्फे थँक्यू सांग."

धाकटा बिचारा तेच सांगायला तुमच्याकडे आला. "बाबा, त्यांना मराठी येतं," एवढंच म्हणाला. तुम्ही काय म्हणालात? "हरलेल्याला सबबी फार. पाय आहेत का खांब? उद्यापासून येऊ नकोस." तो सोळा वर्षांचा होता. सगळी पोरं ऐकत होती, तो उंच स्ट्रायकरसुद्धा, आणि त्याला तर मराठी येत होतंच. घरी आल्यावर धाकट्यानं मोरीत बसून बूट घासून धुतले, वाळवले आणि माळ्यावर टाकले. आई वरणभात वाढत होती. "जेव रे," म्हणाली, तर तो म्हणाला, "भूक नाही." तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "बरं झालं, अभ्यास तरी करेल." त्यानंतर त्यानं चेंडूला पाय लावला नाही. आता हरणीला राहतो, नोकरी बरी आहे, संसार चांगला आहे. पण त्याच्या मुलानं खेळायला चेंडू मागितला की माझ्याकडे बघून हसत म्हणतो, "काकांना सांग, मी काय, खांब!" मला ते हसणं सोसत नाही.

रविवारी माझ्याकडेही एक तशीच होती. मागच्या फळीतली, जड पायांची, चेंडू आला की घाबरणारी. मी तिला एवढंच शिकवलं होतं की थांबायचं नाही, बघत बसायचं नाही, दुसऱ्या टचला चेंडू सोडायचा. समोरच्या मुली तिच्यावर धावून आल्या की त्यांच्या मागची जागा मोकळी पडत होती आणि आमच्या मुली तिथूनच पुढं सरकत होत्या. सामना बरोबरीत सुटला. पोरगी धापा टाकत आली आणि चांगली खेळले का म्हणून विचारू लागली, "सर, हुं सारुं रमी?" मी म्हटलं, "एकदम सरस!" आणि मला रडू आलं. मुलींसमोर! तुम्ही असतात तर त्यावरही बोलला असतात. बोला खुशाल.

पण तिनं सोडलेला चेंडू घ्यायला कुणीतरी दोन पावलांवर येऊन उभं राहावं लागतं. रविवारी माझी मधल्या फळीतली मुलगी प्रत्येक वेळी धावत मागं येत होती. प्रतापनगरला ती जागा माझी होती, बाबा. तुमचा हुकूम मोडून धाकट्यानं जवळ पास द्यायचा म्हटलं असतं, तरी द्यायला जवळ कुणी नव्हतं. मी पुढं गोलपाशी उभा होतो. तुम्ही मला तिथं पाठवलं नव्हतंत. विंगरकडून चेंडू आला तर तुमच्या डोळ्यांदेखत गोल मारावा, म्हणून मी आपणहून गेलो होतो. दुसऱ्या गोलच्या आधी तो ओरडला होता, "दादा, मागे ये ना!" मी ते स्वच्छ ऐकलं होतं. तुम्ही त्याला खांब म्हणालात तेव्हाही मी तिथंच नळापाशी, हात पुसत उभा होतो.

हरणी इथून स्कूटरवर वीस मिनिटं. त्याला हे सांगायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही.